चिंधाचा नारू

चिंधा बागूलच्या अंगातली ताकद कोणीतरी खात होतं, एवढं सगळ्यांना दिसत होतं. कोण खातंय याबद्दल मात्र ज्याचं त्याचं मत वेगळं होतं, आणि चिंधाची पंचाईत अशी, की ज्याचं ऐकावं त्याचंच त्याला पटायचं.

तो साक्रीकडचा. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली म्हणून आईनं याचं नाव चिंधा ठेवलं. फाटक्या चिंधीकडे कोण कशाला बघेल, असा तिचा विचार. पोर जगलं आणि असं वाढलं, की दारातून आत यायला त्याला मान वाकवावी लागे. सिल्वासाला कारखाने उभे राहू लागले तसे खानदेशातले लोक एकामागं एक तिकडं गेले, त्यात चिंधाही गेला. सिल्वासातल्याच आमलीत चाळीतली एक खोली, गलोंड्याच्या वाटेवर सुताचा कारखाना, आणि भिंतीपलीकडच्या खोलीत त्याच्याच गावचा समाधान. बायको केसरबाई दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. मुलगी कुसुम लग्न होऊन धुळ्याला नांदत होती. तसं पाहिलं तर बरं चाललं होतं.

कारखान्यात चिंधा क्रीलवर होता. क्रील म्हणजे माणसाच्या डोक्यावर जाणारी लोखंडी चौकट. तिच्या खुंट्यांवर सुताच्या जड गुंड्या चढवायच्या, आणि चालू गुंडीचं शेपूट दुसऱ्या गुंडीच्या टोकाला जोडून ठेवायचं, म्हणजे एक संपली तरी मशीन थांबत नाही. खालच्या ओळी कोणीही लावत असे. सगळ्यात वरची ओळ चिंधाची. बाकीच्यांना स्टूल लागे. चिंधा नुसता हात वर करायचा, आणि गुंडी खुंटीवर जाऊन बसायची. या वरच्या ओळीमुळंच कंत्राटदार बदलले, माणसं कमी झाली, तरी चिंधा टिकला. हे त्याला माहीत होतं, आणि सुपरवायझरलाही.

म्हणून एका उन्हाळ्यात हात वर जाईना, तेव्हा तो घाबरला. आधी टाचा उंच करून पाहिलं. मग कोणी बघत नसताना स्टूल घेतलं. स्टुलावर चढतानाच गुडघे लटपटले. त्याच सुमाराला त्याच्या डोळ्यांच्या पापण्या सुजल्या आणि जांभळट दिसायला लागल्या, पिकल्या जांभळाचा रस पुसून घ्यावा तशा.

आता सिल्वासात पाय लटपटणाऱ्या आणि डोळे सुजलेल्या माणसाबद्दल लोक एकच गोष्ट समजतात. गुजरातेत दारूबंदी, सिल्वासात नाही, म्हणून तिकडचे लोक रविवारी इकडं येऊन पितात. गावात दारूची दुकानं रांगेनं. सुपरवायझर चांगला माणूस होता. त्यानं चिंधाला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चिंधाभाई, थोडी ओछी पीओ. घेर बैरी छे." म्हणजे जरा कमी पी, घरी बायको आहे.

चिंधानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता. घरी येऊन त्यानं केसरबाईला हे सांगितलं. जेवण वाढताना जवळ वाकून तिनं हळूच त्याचं तोंड हुंगलं.

"काय हुंगतेस?"

"काही नाही. कांदा खाल्लात का बघितलं."

समाधानला वाटलं, नजर लागली. गल्लीतल्या डॉक्टरला वाटलं, अशक्तपणा. त्यानं लाल टॉनिक दिलं आणि सुया टोचल्या. चिंधाला टॉनिकनं बरं वाटल्यासारखंही झालं, मग नाही वाटलं. संडासात उकिडवं बसलं की उठता येईना. दाराची कडी धरून तो स्वतःला वर ओढायचा, आणि एके दिवशी कडीच निघून हातात आली. बाहेर रांगेत उभे असलेले लोक हसले. तोही हसला, पण आतून उठता येत नव्हतं ते नव्हतंच. पुढं बनियन डोक्यातून काढायला केसरबाई लागायला लागली. केसही तीच विंचरायची.

"लग्नात पण मी एवढं नटवलं नव्हतं कोणाला," ती म्हणायची.

शेवटी समाधानच त्याला वापीहून गाडीत बसवून सुरतच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं त्याच्या मांडीत सुया खुपसून मशीनवर रेघा काढल्या, मांडीतला मांसाचा एक कणही काढून घेतला, आणि रक्त तपासून सांगितलं, की स्नायूंना सूज आहे. तिथल्या डॉक्टरनं अर्ध्या हिंदीत, अर्ध्या गुजरातीत समजावलं. अंगात रोगाशी लढणारं एक पथक असतं. ते पथक चुकून चिंधाच्याच स्नायूंवर तुटून पडलं आहे. पापण्यांचा रंग आणि बोटांच्या पेरांवरचे खरखरीत जांभळट डाग ही त्याचीच खूण.

चिंधानं कारखान्याच्या रखवालदाराचा विचार केला. रखवालदार आतल्याच माणसांना दंडुक्यानं मारतोय, असं काहीसं असावं.

"पण त्याला कोणी सांगितलं, आम्हाला मार म्हणून?" त्यानं विचारलं.

"ते अजून कोणालाच माहीत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, असं दोनदा बजावलं.

गोळ्या लागू पडल्या. पावसाळा संपेपर्यंत हात खांद्यापर्यंत आले, दिवाळीपर्यंत डोक्यावर गेले. वरची ओळ परत चिंधाची झाली. फक्त तोंड सुजून गोल गरगरीत झालं. समाधान म्हणाला, "काय चिंधाभाऊ, सासुरवाडीला जाऊन आलात का? गाल तर बघा, पुरणपोळीसारखे फुगलेत." कारखान्यात लोकांना वाटलं, दारू सोडली म्हणून अंग धरलं. सुपरवायझरनं तर चिंधाचं उदाहरण देऊन दुसऱ्या दोघांना दारू सोडायला लावली.

इथवर सरळ होतं. पुढचं काही सरळ राहिलं नाही.

वर्षा-दोन वर्षांनी मांड्या पुन्हा बारीक झाल्या. जिना चढताना पाय जड. चिंधा सुरतला गेला तर डॉक्टर म्हणाले, आता हे आजारामुळं आहे की गोळ्यांमुळं, ते बघावं लागेल. या गोळ्याही फार दिवस घेतल्या की स्नायू दुबळे करतात. रक्त तपासलं, ते चांगलं आलं. म्हणजे आजार दबलेला आहे आणि हा त्रास गोळ्यांचा, असं म्हणून त्यांनी गोळ्या थोड्या कमी केल्या आणि हळूहळू आणखी कमी करू म्हणाले.

परतीच्या गाडीत चिंधाचं डोकं फिरलं. ज्या गोळीनं ताकद आली तीच गोळी ताकद खाते? मग आधी ताकद खाणारा कोण होता? आणि आता खाणारी गोळी कमी केल्यावर तो आधीचा परत येणार नाही कशावरून? त्यानं समाधानला विचारलं. समाधाननं फेरीवाल्याला हाक मारली आणि म्हणाला, "भाऊ, आपण शेंगदाणे घेऊ."

त्याच हिवाळ्यात दोन्ही कोपरांच्या मागं कातडीखाली तुरीच्या डाळीएवढे खडे लागायला लागले. पुढं कंबरेच्या खालीही लागले, बसायला टोचत. खडे वाढले. उजव्या कोपरावरची कातडी एक दिवस लाल झाली, ताणली, फुटली, आणि आतून पांढरं काहीतरी डोकावलं.

तेव्हा चिंधाची काकू तानूबाई गावाहून आलेली होती. तानूबाई म्हणजे गावातली नारू काढणारी. चिंधाच्या गावात पाणी एका पायऱ्यांच्या बारवेचं. लोक पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहून हंडा भरत, आणि त्या पाण्यातून नारू सगळ्या गावाच्या अंगात गेला होता. पायाला फोड येतो, आग होते, फोड फुटतो, आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत तोंड काढतो. तो ओढायचा नसतो. एका बारीक काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा बाहेर घ्यायचा असतो. घाईनं ओढला तर तुटतो, तुकडा आत जातो आणि पाय सडतो. चिंधाला लहानपणी उजव्या पोटरीत झाला होता, आणि त्याच्या बापानं ओढून तोडला होता. त्याची खूण पोटरीवर अजून होती. पुढं सरकारनं बारव बंद केली, हातपंप बसवला, औषधं टाकली, आणि गावातून नारू गेला. तानूबाईचं काम गेलं, पण बोटांची सवय गेली नाही.

तिनं चिंधाचं कोपर उजेडाकडं वळवलं, डोळे बारीक करून पाहिलं, आणि एकदम खूश झाली.

"नारू शे रे हाऊ," ती म्हणाली. "तुना बापनी तोडा व्हता ना, तोच. इतला साल आत बठी राहिना, तुनं मांस खाई राहिना."

 कोणीतरी खोलीतला दिवा लावावा तसं चिंधाला झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळं जुळत होतं. बापानं तोडलेला तुकडा आत गेला, तो वर सरकत सरकत मांड्यांत आला, खांद्यांत आला, मांस खात गेला. सुरतचे डॉक्टर म्हणत होते ते न दिसणारं पथक. हा मात्र दिसत होता, कोपरातून तोंड काढून बसला होता.

"सुरतवाल्यांना का नाही कळलं मग?" केसरबाईनं विचारलं.

"त्यास्नी गावमा बारव व्हती का?" तानूबाई म्हणाली. 

तिनं खराट्याची एक बारीक काडी सोलून गुळगुळीत केली, हळद लावली, आणि चिंधाला पायरीवर बसवून कोपरातल्या पांढऱ्याला काडी टेकवली. ती फार हळू हात चालवायची. शेजारच्या बायका बघायला आल्या. पण तो नारू काडीला धरेना. टोक लागलं की भुगा व्हायचा, ओल्या खडूसारखा, आणि काडीवर पांढरा लेप बसायचा. पुन्हा लावली, पुन्हा भुगा.

"मरेल शे," तानूबाई कपाळाला आठी घालून म्हणाली. "मरेल शे म्हणून धरस नही."

"मेला असेल तर खातो कसा?" समाधाननं विचारलं.

"तू गप बठ. तू लहानपणी काडी गिळेल व्हती, ती मी काढेल शे."

केसरबाईचं मात्र मन मानेना. तिनं धरून चिंधाला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं रजनी मॅडम म्हणून रत्नागिरीकडच्या डॉक्टरीण होत्या, बोलायला शांत. त्यांनी कोपर पाहिलं, एक्स-रे फोटो काढायला लावला, आणि फोटोत पांढरे डाग बघून विचारलं, "लहानपणी कधी नारू झाला होता?"

"हो मॅडम, झाला होता."

"मग तोच. जुना नारू आत मरतो आणि त्याच्याभोवती चुना जमतो. असं पुष्कळांना होतं. जखम स्वच्छ ठेवा."

चिंधानं सुरतच्या आजाराचं काही सांगितलं नाही. मॅडमनी कोपराचं विचारलं, त्यानं कोपराचं सांगितलं. शिवाय एका डॉक्टरसमोर दुसऱ्या डॉक्टरचं नाव काढलं की ते रागावतात, असा त्याचा समज. गोल गुबगुबीत तोंड पाहून मॅडमना तो धडधाकट वाटला.

दवाखान्याच्या दारात चिंधा म्हणाला, "बघ, फोटोतसुद्धा नारूच निघाला." केसरबाईलाही मग पटलं. पटायला हरकत काय होती? म्हातारी तेच म्हणत होती, डॉक्टरीण तेच म्हणत होती, आणि फोटो तेच दाखवत होता.

घरी तानूबाईनं सांगितलं, की नारूला गरम औषध चालत नाही. त्या सुरतच्या गोळ्या गरम, त्यांनी नारू खवळतो. "सोडी दे त्या गोया," ती म्हणाली. चिंधानं सोडल्या. सुरतवाल्यांचं दोनदा बजावणं त्याला आठवलं, नाही असं नाही. पण ते बजावणं त्या न दिसणाऱ्या पथकासाठी होतं. आणि त्या गोळ्या ताकद खातात, हे तर त्यांनीच सांगितलं होतं.

सुरुवातीला छान झालं. तोंडाची सूज उतरली, गाल आत गेले, जुना चिंधा दिसायला लागला. केसरबाई आरशासमोर त्याचे केस विंचरताना म्हणाली, "आता ओळखू येता. मला मधे वाटायचं, दुसऱ्याच कोणाच्या घरात राहते." तानूबाई हातातली काडी फिरवत खुशीत मान हलवायची. कोपरातला भुगा ती रोज थोडा पुसून घ्यायची.

मग मान जड झाली. झोपून उठताना हातानं डोकं धरून उचलावं लागे. मग आवाज नाकात गेला. समाधान म्हणाला, "चिंधाभाऊ, सर्दी झाली का? बेडकासारखं बोलताय." कारखान्यात वरची ओळ कधीच गेली होती. आता मधली ओळही जड व्हायला लागली, आणि सुपरवायझर पुन्हा त्याच्याकडं त्या नजरेनं बघायला लागला.

एक दिवस दुपारी पाळी सुटल्यावर टपरीवर चहा घेताना चिंधाच्या नाकातून चहा बाहेर आला.

"अहो, चहा पिताना हसू नका," समाधान म्हणाला.

चिंधा हसत नव्हता. त्यानं नाक पुसलं, कपाकडं पाहिलं, पुन्हा एक घोट घेतला. पुन्हा तसंच. अर्धा घोट घशात कुठंतरी थांबला आणि नाकातून परत आला. समाधानही मग हसला नाही.

भाकरी तर खालीच उतरेना. दूध पाजलं तर खोकल्याची उबळ. तानूबाईनं गळ्यावरून बोटं फिरवली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "वर सरकेल शे. गळामा आयेल शे आते." तिचं म्हणणं अजूनही जुळत होतं. तेच तर वाईट होतं. पोटरीतून मांडीत, मांडीतून खांद्यात, खांद्यातून गळ्यात. चिंधा घशाला हात लावून बसायचा, आत काही हलतंय का बघायचा. कधी वाटायचं हलतंय. आता हा गळ्यातून तोंड काढेल तेव्हा काडी कुठून लावायची, एवढाच प्रश्न त्याच्या मनात होता, आणि हा प्रश्न वेडेपणाचा आहे असं त्याला एकदाही वाटलं नाही.

ताप आला आणि श्वास लागला, तेव्हा केसरबाईनं कोणाला विचारलं नाही. रिक्षा आणली, समाधानला चिंधाचे पाय उचलायला लावले, आणि दवाखाना गाठला. तानूबाई मागोमाग काडी घेऊन आली.

रजनी मॅडमनी छातीला ऐकायची नळी लावली. खाल्लेलं-प्यायलेलं श्वासाच्या वाटेनं फुप्फुसात गेलंय, न्यूमोनिया झालाय, असं त्या नर्सला म्हणाल्या. मग विचारलं, "घशाला काय झालं?"

"नारू वर सरकला, मॅडम," केसरबाई म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं ना, नारू म्हणून."

मॅडमचा हात थांबला. त्यांनी चिंधाच्या अंगावरची चादर काढली आणि त्याला कुशीवर वळवलं. दोन्ही कोपरं पाहिली. कमरेखालचे खडे दोन्ही बाजूंना चाचपले.

"नारू दोन्हीकडं असा सारखाच वाटून कसा बसेल?" त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. मग चिंधाला, "उशीवरून डोकं उचला बघू."

चिंधानं प्रयत्न केला. डोकं उशीतच राहिलं.

"हात वर करा."

हात पोटापर्यंत आले. मॅडमनी त्याच्या बोटांची पेरं उजेडात धरली. त्यांवरचे जांभळट खरखरीत डाग परत आले होते. पापण्याही पुन्हा जांभळट झाल्या होत्या.

"बागूल, तुम्हाला याआधी हातापायातली ताकद जायचा काही आजार झाला होता का? कोणी गोळ्या दिल्या होत्या?"

 केसरबाईच म्हणाली, "सुरतला. पांढऱ्या गोळ्या. सोडल्या त्या, नारूला चालत नाहीत म्हणून."

"कोणी सांगितलं?"

केसरबाईनं तानूबाईकडं पाहिलं. तानूबाईनं काडी पदराखाली घेतली.

मॅडम रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. "त्यांना बोलू नका," त्या म्हणाल्या. "नारू मीही म्हटलंच होतं. कोपर बघितलं, माणूस बघितला नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या स्नायूंच्या आजारात कधी कधी, फार थोड्यांना, कातडीखाली चुना जमतो. कोपरात, कमरेला, जिथं सूज होती आणि जिथं घासलं जातं तिथं. तो जंत नाही, मेलेला नाही आणि जिवंतही नाही. आणि गिळण्याचे स्नायूही याच आजारानं दुबळे होतात. गोळ्या एकदम बंद केल्यामुळं दबलेला आजार उसळला. आता आधी न्यूमोनिया, मग घसा, मग बाकीचं.

नाकातून पोटात नळी घातली. अन्न, पाणी, गोळ्या, सगळं तिथून. खाटेचं डोक्याकडचं टोक उचलून ठेवलं, आडवं झोपायचं नाही. मॅडमनी मुंबईला आपल्या जुन्या सरांना फोन लावला आणि बराच वेळ बोलल्या. चिंधाला अर्धवट ऐकू येत होतं. आपल्याबद्दल कोणी इतका वेळ फोनवर बोलेल, हे त्याला खरं वाटत नव्हतं.

बरं वाटायला लागल्यावर तो मॅडमना विचारायचा. रोज थोडंथोडं, नाकातल्या आवाजात.

"मॅडम, गोळीनं ताकद जाते ना?"

"जाते."

"मग परत गोळीच का?"

"आजारानं जास्त जाते. गोळी कमी करता यावी म्हणून दुसरी एक देणार आहे, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर विष होईल, नीट ऐका."

"म्हणजे दोन्ही गोळ्या वाईट."

"दोन्ही वाईट आणि दोन्ही लागणार."

चिंधा यावर दिवसभर विचार करायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आणि तो चुना? त्याची गोळी?"

"त्याची खात्रीची गोळी माझ्याकडं नाही. सरांकडंही नाही. कोणी हे देतात, कोणी ते देतात. दुखला, पिकला तर कापून काढू. नाहीतर त्याला राहू दे."

"नारू असता तर बरं झालं असतं," चिंधा म्हणाला. "त्याला काडी तरी असते."

मॅडम हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

नळी निघाल्यावर त्याला मुंबईलाही पाठवलं. मोठ्या माणसाला हा आजार झाला की कधी त्यामागं पोटात किंवा छातीत कर्करोगाची गाठ लपलेली असते, ती आधी बघावी लागते. ते सुरतला पाहिलं होतं की नव्हतं, चिंधाला सांगता येईना. तिथं नळ्या घातल्या, फोटो काढले, काही निघालं नाही. समाधान बरोबर होता. परतताना तो म्हणाला, "भाऊ, इतकं शोधून काही सापडलं नाही, ही आनंदाची गोष्ट आहे की नाही?"

"माहीत नाही रे. आनंदाचीच असावी."

खोलीवर परत आला तेव्हा हात खांद्यापर्यंत येत होते. वरच्या ओळीचं नाव त्यानं काढलं नाही. सुपरवायझर भेटायला आला, दारूबद्दल त्याला अजून शंका होतीच, पण म्हणाला, बरा झाल्यावर ये, बसून गुंड्या तपासायचं काम बघू. बघू म्हणजे काय, हे त्यानं सांगितलं नाही आणि चिंधानं विचारलं नाही.

तानूबाई गावी जायची होती. जायच्या दिवशी ती चिंधाजवळ येऊन बसली. डाव्या कोपरावर कातडी लाल होऊन ताणली होती, आणि मधे पांढरा ठिपका. तिनं तो पाहिला. बोटं आपोआप पदराकडं गेली.

"काकू, नको," चिंधा म्हणाला.

"मी काही करत नही रे," ती म्हणाली. हात मागं घेतला. ठिपक्याकडं बोट दाखवून, "मग हाई काय शे?"

"चुना."

"चुनाच ना? मग मी काय म्हनत व्हती?"

"तू नारू म्हणत होतीस."

"नारूना आंगवर चुना बसस. मॅडमनीच सांगेल शे."

"मॅडमनी ते परत घेतलं."

"मग कोन टाकस हाऊ चुना?"

चिंधानं खूप आठवून पाहिलं. सूज, पथक, घासणं, गोळ्या. मॅडमनी सांगितलेलं सगळं त्याला वेगवेगळं आठवत होतं, एका जागी आणून ठेवलं की निसटायचं. तानूबाईचा नारू कसा एका दोऱ्यात पोटरीपासून गळ्यापर्यंत आला होता. आता ते राहिलं नव्हतं, आणि त्याच्या जागी बसवायला त्याच्याकडं तितकं नीट काही नव्हतं.

"आपलं अंगच टाकतं म्हणे," तो म्हणाला.

"स्वतःच्या अंगात?"

"हो."

"कसाले?"

"ते डॉक्टरलाही माहीत नाही."

तानूबाईनं मान हलवली. पटल्याची नव्हती ती. पदराखालची काडी काढून तिनं मोडली आणि चुलीजवळ टाकली. मग उठून केसरबाईला म्हणाली, "वेळ व्हयनी ना त्याना गोयाना? दे मंग."

केसरबाईनं गोळी आणि पाण्याचा पेला आणला. चिंधा भिंतीला पाठ टेकून ताठ बसला, दवाखान्यात शिकवलं होतं तशी हनुवटी छातीकडं घेतली. गोळी जिभेवर ठेवली. हीच गोळी ताकद देते आणि हीच खाते, हे पुन्हा एकदा त्याच्या डोक्यात आलं आणि तसंच राहिलं. त्यानं लहान घोट घेतला.

दोघी बायका त्याच्या नाकाकडं बघत होत्या. गळ्याची घाटी वर गेली, थांबली, खाली आली.

"गेली?" केसरबाईनं विचारलं.

 चिंधानं पेला पुन्हा तोंडाला लावला आणि दुसरा घोट घेतला.